दरंदले मास्तरांचं सातवं प्रकरण

बिभीषण दरंदले मास्तरांनी घोडेगावच्या हायस्कुलात एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. पण तालुक्यानं त्यांना ओळखलं ते शाळेमुळे नाही, तर नगरच्या एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर डाव्या कोपऱ्यात छापून येणाऱ्या चौकोनामुळे. चौकोन आगपेटीपेक्षा थोडासाच मोठा. त्यात काळ्या शाईची दोन-तीन माणसं, खाली एक ओळ आणि तळाशी 'बिभी' अशी बारीक सही. सत्तावीस वर्षांत तो चौकोन एकदाही रिकामा गेला नाही. सुरुवातीला मास्तर चित्र दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून एसटीच्या कंडक्टरच्या हातात देत. पुढे मोबाईल आला, मग फोटो काढून पाठवला की काम झालं.

त्यांची रीत ठरलेली होती. माणसाची एकच गोष्ट पकडायची आणि तीच फुगवायची. सरपंचाचं पोट, कारखान्याच्या संचालकाची टोपी, ग्रामसेवकाची बगलेतली बॅग. आणि गंमत अशी, की ज्याचं चित्र यायचं तोच माणूस दुसऱ्या दिवशी चार अंक विकत घेऊन पाहुण्यांत वाटायचा. एकानं तर आपलं व्यंगचित्र थोरल्या मुलाच्या लग्नपत्रिकेवर छापून घेतलं. त्यामुळे मास्तरांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की आपण कुणाला हसलो की तो माणूस खूश होतो. हे प्रत्येक वेळी खरं नसतं हे कळायला त्यांना साठी ओलांडावी लागली.

रशीद शेख हा त्यांचा पहिलीपासूनचा सोबती. सातवीनंतर रशीदनं शाळा सोडली आणि बापाच्या मागे शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारात उभा राहिला. बाप दलाल, आजाही दलाल. घोडेगावच्या बाजारात मोठ्या जनावराचा सौदा तोंडानं होत नाही. विकणारा दलालाच्या हातात हात देतो, वरून रुमाल पडतो आणि पुढचं बोलणं बोटं करतात. किती बोटं धरली, कुठलं पेर दाबलं, त्यावरून आकडा. मग तोच हात घेणाऱ्याकडे जातो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. त्या बाजाराचा एक नियम आहे, तो कुठं लिहिलेला नाही. रुमालाखाली जे कळलं ते रुमालाखालीच ठेवायचं. सौदा मोडला तरी कोण कुठवर आला होता हे दलाल मरेपर्यंत सांगत नाही. रशीदच्या हाताला चाळीस वर्षांत कुणी नाव ठेवलं नव्हतं.

पन्नाशीत दोघांनाही शुगर निघाली, एकाच महिन्यात, एकाच शिबिरात. तेव्हा दोघं त्यावर हसले होते.

मास्तरांचा डावा डोळा आधी गेला. आत पडद्यावर रक्त उतरलं, लेझर झालं, तरी उशीर झालेला होता. एका डोळ्यानं चित्र काढता येतं, फक्त अंतर कळत नाही. शाईचा टाक कागदाला टेकला की नाही हे टेकल्यावरच समजतं. मास्तरांनी त्यावर तोड काढली. आधी करंगळी कागदावर टेकवायची, तिच्या आधारानं टाक खाली आणायचा. सहा वर्षं त्यांनी असे चौकोन काढले आणि वाचकांना फरक कळला नाही. मग उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली आणि सरळ रेघ वाकडी दिसायला लागली. पट्टी लावून ओढली तरी वाकडी, कारण पट्टीच वाकडी दिसायची. एका आठवड्यात त्यांनी काढलेल्या माणसाचं नाक गालावर गेलं. संपादकांचा फोन आला. फार गोड बोलले. या आठवड्यात राहू द्या मास्तर, म्हणाले. पुढच्या आठवड्यातही त्यांनी तेच सांगितलं, आणि तिसऱ्या आठवड्यात त्या कोपऱ्यात एका क्लासची जाहिरात आली.

त्या संध्याकाळी मास्तर टाकांचा डबा घेऊन पाटावर गेले. पाटाला पाणी सुटलेलं होतं. कडेला बसून त्यांनी एकेक टाक पाण्यात टाकला, आणि टाकता टाकता रडायला लागले. साधं डोळे भरून येणं नव्हतं ते. तोंड वासून, खांदे हलवत, लहान मुलासारखं. तेवढ्यात रशीद वैरणीचा भारा घेऊन पाटाच्या रस्त्यानं घरी चालला होता. त्यानं भारा खाली टाकला आणि शेजारी बसला.  मग त्यानं डब्यातला उरलेला एक टाक उचलून मास्तरांच्या हातात दिला आणि आपला उजवा हात पुढे केला.

"टोच," रशीद म्हणाला.

मास्तरांना कळेना. रशीदनं त्यांचा हात धरून टाकाचं टोक आपल्याच मधल्या बोटात दाबलं. रक्ताचा थेंब आला. रशीदच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

"बोटं बहिरी झाल्यात, बिभ्या. दोन वरीस झाली. गरम न्हाई, गार न्हाई, काय बी कळत न्हाई."

"मग सौदे कसे करतो?"

"अंगठा जिता हाय अजून. हात धरला की अंगठा समोरच्याच्या मनगटावर ठिवतो. त्यो बोट दाबतो तवा मनगटातली शीर हालते. करंगळीची येगळी, मधल्या बोटाची येगळी. सा महिनं लागलं शिकायला. दोन वर्सांत एक सौदा चुकला न्हाई." त्यानं बोट तोंडात घालून रक्त चोखलं. "घरात बिबीजानला बी ठाव न्हाई हे. कुनालाच न्हाई. तुला सांगितलं. डोळा गेला तर जाऊ दे, तुझं मनगट कुठंतरी आसंल. हुडीक."

मास्तरांनी हुडकलं. मोबाईलमध्ये बोललेलं लिहून घ्यायची सोय असते हे त्यांना एका माजी विद्यार्थ्यानं दाखवलं होतं. पडवीत येरझाऱ्या घालत ते बोलायचे, मोबाईल लिहून घ्यायचा, आणि दुपारी कामं आटोपली की त्यांच्या पत्नी चांगुणाबाई चष्मा लावून ते त्यांना वाचून दाखवायच्या. चांगुणाबाईंचं शिक्षण नववीपर्यंत, पण वाक्य कुठं अडखळतंय हे त्यांना बरोबर कळायचं. चौदा महिन्यांत कादंबरी झाली. एका गावाची, त्याच्या बाजाराची. चित्रांत जे केलं तेच मास्तरांनी शब्दांत केलं. माणसाची एकच गोष्ट पकडायची आणि फुगवायची.

सातव्या प्रकरणात गुलाब नावाचा दलाल होता. त्याची बोटं बहिरी झालेली होती आणि तो लोकांच्या मनगटाच्या शिरा चाचपून सौदे करायचा. गावातल्या चित्रकलेच्या मास्तरला आपल्या तीक्ष्ण नजरेनं ते ओळखू येतं. तो थट्टेत गुलाबच्या बोटाला टाचणी टोचतो आणि खात्री करून घेतो. शेवटी गुलाबला चार बोटांची दोनच वाटतात आणि एका विधवेची दुभती गाय निम्म्या किमतीला जाते. गाय गेल्यावर विधवा बाजारभर गुलाबच्या मागे चप्पल घेऊन पळते. तो प्रसंग बोलताना मास्तर स्वतःच दोनदा हसले होते.

वाचून झाल्यावर चांगुणाबाईंनी मोबाईल मांडीवर उपडा ठेवला.

"हे रशीदभावजींचं हाय."

"गुलाब आहे तो."

"मला काय सांगता? पाटावरनं आला त्या राती तुमीच सांगितलं हुतं. त्यांना इचारलं का?"

विचारतो, असं मास्तर म्हणाले. खरोखरच विचारणार होते. पण मग वाटलं, आधी छापून तर येऊ दे. सरपंचाला कुठं विचारलं होतं? संचालकाला कुठं विचारलं होतं? रशीद स्वतःच चार प्रती घेऊन वाटेल. असं त्यांनी स्वतःला इतक्या वेळा समजावलं, की शेवटी त्यांना ते विचारल्यासारखंच वाटू लागलं.

कादंबरी नगरच्या ओंकार नावाच्या तरुण प्रकाशकानं काढली. त्याच्या स्वतःच्याच प्रेसमध्ये तो दिवाळी अंकही छापायचा. त्यानं कादंबरीची चुणूक म्हणून सातवं प्रकरण अंकात घेतलं. अंकाच्या पाच प्रती गावात आल्या. त्यातली एक बाजाराच्या फाटकाजवळच्या चहाच्या हॉटेलात गेली. हॉटेलवाला गोरक्षनाथ हा मास्तरांचाच विद्यार्थी. शुक्रवारी बाजार ऐन भरात असताना त्यानं भट्टी पोराच्या हवाली केली, बाकावर उभा राहिला आणि मोठ्यानं वाचायला लागला. मास्तरांना खास बोलावून खुर्ची दिली होती.

बाजार हसला. पाठीवर थापा मारून, डोळ्यांतलं पाणी पुसून हसला. मास्तर खुर्चीत मान खाली घालून बसले होते, पण सगळं अंग कानांत आणून ऐकत होते. सत्तावीस वर्षं त्यांनी छापील चौकोन पाठवले, पण लोक हसताना त्यांना कधी ऐकू आले नव्हते. विधवा चप्पल घेऊन पळते तिथं तर गोरक्षनाथला वाचता येईना. आणि मग एकदम हसणं थांबलं. जसा वीज गेल्यावर पंखा थांबतो, तसं हळूहळू, एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत. मास्तरांना वाटलं, प्रकरण संपलं म्हणून थांबले. त्यांनी मान वर करून सगळ्यांकडे पाहत हात जोडले.

घरी आल्यावर त्यांना चांगुणाबाईंकडून कळलं; त्यांच्या कानावर ते आधीच आलं होतं. रशीद लिंबाखाली उभा होता. हातात चहाचा ग्लास होता. सगळ्यांच्या लक्षात आलं, मग त्याच्याही लक्षात आलं, की लोक त्याच्या हाताकडे बघतायत. त्यानं ग्लास बाकावर ठेवला आणि जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली म्हणून निघून गेला. नमाजाला अजून तासभर होता. मास्तरांच्या उजव्या डोळ्याला लिंबाखालची माणसं म्हणजे नुसते राखाडी ठिपके दिसत होते. त्यातल्या एका ठिपक्यासमोरही आपण हात जोडले, हे त्यांच्या मनातून जाईना.

बाजारात रशीदला तोंडावर कुणी काही बोललं नाही. नियमच तसा. फक्त हात येईनासे झाले. रशीदभाई, आज जरा बघतो, असं म्हणून माणूस पुढे सरकायचा आणि दुसऱ्या दलालाच्या रुमालाखाली हात घालायचा. त्यात सोनईकडचा कानिफनाथ नावाचा एक व्यापारी सांगत सुटला, की ती विधवा म्हणजे माझी मावशी, आणि गाय माझ्या डोळ्यांसमोर गेली. पौषात रशीदनं बाजारात जाणं बंद केलं. मास्तरांच्या पडवीत रोज संध्याकाळी येऊन बसायचा, ते तर दिवाळीपासूनच बंद झालं होतं.

मास्तर गेले नाहीत. उद्या जाऊ म्हणत राहिले. पहिल्या आठवड्यात गेलं असतं तर माफी मागता आली असती. दुसऱ्या महिन्यात गेलं तर इतके दिवस का आला नाहीस, याचंही उत्तर द्यावं लागणार होतं. दिवस जातील तसं ओझं जड होत गेलं, आणि ओझं जड झालं म्हणून पाऊल उचलेना.

फाल्गुनात एक दिवस चांगुणाबाई शुगर तपासायला उपकेंद्रात गेल्या होत्या. तिथं रशीदची बायको बिबीजान भेटली. रांगेत दोघी शेजारी बसल्या. बिबीजान भांडली नाही. तिनं एवढंच विचारलं, की भाभी, मास्तरांना हे कधीपासून ठाऊक होतं? चांगुणाबाईंनी खरं ते सांगितलं, पाटावरच्या त्या संध्याकाळपासून.  मग बिबीजान म्हणाली, की रशीदच्या बोटांना सारखे फोड यायचे. ती स्टीलच्या ग्लासात चहा द्यायची आणि तो धरून बसायचा. ती त्याला वेंधळा म्हणून बोलायची. तीन वर्षं बोलली. कारण कळलं ते दुसऱ्याच्या पुस्तकातून, तेही शेजारणीनं सांगितलं तेव्हा.

चांगुणाबाईंनी घरी येऊन हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, वर स्वतःचं काही घातलं नाही. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

त्याच आठवड्यात ओंकारचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. तीनशे प्रती संपल्या होत्या, पाडव्याला दुसरी आवृत्ती काढायची होती. मास्तर म्हणाले, काढ, पण सातवं प्रकरण वगळून. ओंकारचा उत्साह एकदम उतरला.

"मास्तर, लोक पुस्तक मागत नाहीत, सातवं प्रकरण मागतात. ते काढलं तर मी छापू काय? अनुक्रमणिका?"

मास्तर ऐकेनात. शेवटी ओंकारनं कुरकुरत कबूल केलं. फोन ठेवल्यावर मास्तरांना चार महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं. आता रशीदकडे जाताना हात रिकामे नव्हते. त्यांनी स्वच्छ शर्ट घातला आणि चांगुणाबाईंना म्हणाले, मी जाऊन येतो. चांगुणाबाईंनी विचारलं, सोबत येऊ का? मास्तर नको म्हणाले. रस्ता पायांना पाठ होता.

रशीद अंगणात शेळ्यांना पाला टाकत होता. मास्तरांच्या चालीवरून त्यानं ओळखलं असावं, कारण आवाज लगेच आला.

"या मास्तर. बसा."

पन्नास वर्षांत रशीद त्यांना मास्तर म्हणाला नव्हता आणि 'बसा' तर कधीच म्हणाला नव्हता. मास्तर बाजेच्या कडेला बसले. बिबीजाननं चहा आणून ठेवला आणि आत न जाता दाराशीच थांबली. रशीदच्या चहाला कान असलेला कप होता.

मास्तरांनी घरून जुळवून आणलेलं सगळं एका दमात सांगितलं. चूक झाली, विचारायला हवं होतं, आणि आता दुसऱ्या आवृत्तीत ते प्रकरण नसेल, आपण सांगून टाकलंय. रशीदनं शेळीच्या तोंडातून पाल्याची फांदी सोडवली आणि दुसरीपुढे टाकली.

"दुसरी आवृत्ती बाजारात कोन वाचनार हाय?" तो म्हणाला. "पैली तरी कुनी वाचली? त्यांनी ऐकली. तुमी खुर्चीत बसला व्हता तवा."

 चार महिन्यांचं प्रायश्चित्त म्हणून त्यांनी जे आणलं होतं, ते फक्त त्यांच्याच सोयीचं होतं. प्रकरण पुस्तकातून गेलं असतं, मास्तरांच्या नजरेआड झालं असतं, आणि बाजारात तसंच राहिलं असतं.

"बोटं बहिरी हाईत," रशीद पुढे बोलला. "ते खोटं हाय आसं मी म्हनत न्हाई. तुमी सांगितलं ते वंगाळ केलं, पन ते खरं हाय. ती गाय कोनाची, मास्तर?"

"कुणाचीच नाही."

"मी कवा चुकलो? एकदा तरी?"

"नाही चुकलास."

"मंग का घातली?"

मास्तरांनी खोटं बोलायचा विचार केला. कादंबरीला शेवट लागतो, प्रसंगाला उठाव लागतो, असं काहीतरी. ओंकारला ते पटलं असतं.

"हसू यावं म्हणून," ते म्हणाले.

दाराशी बिबीजाननं पदर तोंडाला लावला. रशीदनं राहिलेला पाला शेळ्यांपुढे टाकला. पुन्हा बोलला तेव्हा त्याचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता.

"हसूच पायजे व्हतं तर पाटावरचं घालायचं. एवढा मोठा मास्तर पोरावानी हुंदकं देतोय, नाकातून शेंबूड गळतोय. लई हसलं आसतं लोक. ते न्हाई घातलं. तिथं तुमच्या मास्तरला तीक्ष्ण नजर. माझं उघडं टाकलं आन् तुमचं झाकलं."

मास्तरांनी चहाचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. मी काय करू, असं त्यांनी विचारलं. 

"जिथं ऐकलं तिथं सांगा. शुक्रवारी. मी यायचो न्हाई."

एवढं बोलून रशीद उठला आणि पाण्याची बादली घेऊन हौदाकडे गेला. मास्तरांना निरोप द्यायला बिबीजान फाटकापर्यंत आली. तिनं त्यांना पायरी दाखवली. 

शुक्रवारपर्यंत तीन दिवस होते. मास्तरांना ओंकारला फोन करून कळवावंसं वाटलं, की सातवं प्रकरण वगळू नको, पण मी ते नव्यानं लिहून देतो. त्यांनी तसा फोन केलाही. पण लिहिणं पुढे सरकेना, कारण आता त्यांना लिहिण्याची भीती वाटत होती. मोबाईल तोंडासमोर धरला की वाक्यं आपोआप गुळगुळीत व्हायची. 'डोळ्यांच्या कडा पाणावल्या' असं यायचं. चांगुणाबाई वाचून दाखवायच्या आणि मान हलवायच्या. कडा न्हाई पाणावल्या, म्हणायच्या. त्या संध्याकाळी तुमी घरी आला तवा शर्टाची बाही भिजलेली हुती, म्या पिळलीय ती.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला मास्तर हॉटेलात शिरले. धुरळा, म्हशींचं हंबरणं, टेम्पोचे हॉर्न. गोरक्षनाथनं धावत येऊन खुर्ची दिली. मास्तर खुर्चीत बसले नाहीत, बाकावर बसले. नवीन प्रकरण आणलं का, असं त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ओरडून सांगितलं की मास्तर आलेत. दहा-पंधरा माणसं गोळा झाली. मास्तरांना त्यांचे चेहरे दिसत नव्हते, फक्त उजेडासमोर हलणारे आकार दिसत होते. त्यांना ते बरंही वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

त्यांनी रडण्यापासून सुरुवात केली. पाट सांगितला, टाक सांगितले, शेंबूडही सांगितला. तोंड वासलेलं सांगितलं. आधी कुणाला कळेना की हे गमतीचं आहे की खरं. मग मागून कुणीतरी खुसकन हसलं, आणि एक म्हातारा गडी म्हणाला, "आरं तिच्या मायला, मास्तर, पाटाला पानी तुमच्यामुळं वाढलं व्हतं व्हय?"

बाजार हसला. तसाच, थापा मारून. मास्तर थांबले. हसणं संपेपर्यंत बसून राहायचं हे त्यांनी ठरवलेलं होतं, पण ते किती लांब असतं हे त्यांना माहीत नव्हतं. एक ओसरलं की दुसरीकडून उठायचं. कुणीतरी हुंदक्यांची नक्कल केली. त्यांना संपादक आठवले, जाहिरात आठवली, आणि हात कुठं ठेवावेत हे कळेना.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. टोच म्हणणारा रशीद, रक्ताचा थेंब, बहिरी बोटं. त्यानं हे का सांगितलं ते सांगितलं. मी मोडून पडलो होतो म्हणून त्यानं रुमाल काढून हात दाखवला, असं म्हणाले. आता कुणी हसत नव्हतं. भट्टीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला, पण गोरक्षनाथ हलला नाही.

"आणि विधवेची गाय मी घरात बसून तयार केली," मास्तर म्हणाले. "अशी गाय नव्हती. रशीद एकदाही चुकलेला नाही. मी पडवीत येरझाऱ्या घालत ती गाय जन्माला घातली, लोक हसावेत म्हणून."

"मंग माझ्या मावशीची?" गर्दीतून कानिफनाथचा आवाज आला.

"तुझ्या मावशीचं तुला माहीत. माझी गाय कागदाची होती."

दोघं-तिघं हसले, पण आता ते कानिफनाथकडे तोंड करून हसत होते. तो काहीतरी पुटपुटला आणि आपली म्हैस उन्हात बांधलीय म्हणून निघून गेला. मघाचा म्हातारा गडी बराच वेळ काडीनं दात कोरत बसला होता.

"रशीदभाईचा बाप माझ्या बापाचं सौदं करायचा," तो म्हणाला.  उठून त्यानं धोतर झटकलं आणि बाजारात शिरला. तो कुठल्या दलालाकडे गेला हे मास्तरांना दिसलं नाही, आणि विचारण्यासारखंही ते नव्हतं. रशीद तर त्या दिवशी बाजारात नव्हताच. पुढच्या शुक्रवारी येईल की नाही, आला तर कुणी हात देईल की नाही, हे मास्तरांच्या सांगण्यावर अवलंबून नव्हतं.

गोरक्षनाथनं चहा आणून त्यांच्या हातात दिला. रशीदभाईंना ठाऊक आहे का तुम्ही आलाय ते, असं त्यानं हळूच विचारलं. त्यानंच पाठवलंय, मास्तर म्हणाले.

मास्तर उठायला लागले. पण तेवढ्यात राहात्याकडून आलेला एक टेम्पो रिकामा झाला आणि त्यातले चार-पाच व्यापारी हॉटेलात शिरले. कसली गर्दी आहे, असं त्यांनी विचारलं. गोरक्षनाथनं मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा बाकावर बसवलं.

"मास्तर, ह्यांनी बी दिवाळीत वाचलं व्हतं ते," तो म्हणाला. "ह्यांना बी सांगा."

मास्तरांनी चहाचा एक घोट घेतला. समोरच्या आकारांपैकी कुठला बसला, कुठला उभा, याचा अंदाज घेतला. मग त्यांनी पाटापासून, रडण्यापासून, पुन्हा सुरुवात केली.